ब्लॉगच्या यादीतील उतारे: वर्डप्रेस थीममध्ये ते कसे दाखवावेत आणि मराठीसाठी कसे घडवावेत

ब्लॉगच्या पहिल्या पानावर, वर्गवारीच्या पानावर किंवा शोधाच्या निकालांत प्रत्येक शीर्षकाखाली जो तीन-चार ओळींचा मजकूर दिसतो, तो वाचूनच वाचक लेख उघडायचा की पुढे सरकायचे हे ठरवतो. लेखावर आपण चार दिवस खर्च करतो आणि या चार ओळी मात्र थीमच्या, म्हणजे ब्लॉगचे रूप ठरवणाऱ्या तयार मांडणीच्या, मर्जीवर सोडून देतो. मराठी ब्लॉगांच्या बाबतीत ही हेळसांड अधिक महागात पडते, कारण या ओळी कापण्याचे ठरलेले नियम इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले असतात. या लेखात वर्डप्रेसमधील उताऱ्यांची, म्हणजे तिथे ज्याला ‘एक्सर्प्ट’ म्हणतात त्यांची, व्यवस्था पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून घेऊ. ब्लॉक थीम आणि जुन्या पद्धतीची क्लासिक थीम, दोन्हींचा विचार केला आहे. मेनूंची नावे इंग्रजी डॅशबोर्डप्रमाणे, पण देवनागरीत दिली आहेत. कोडमधील नावेही वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इथे दाखवलेल्या अंडरस्कोर किंवा जोडरेषेसह लिहावीत.

उतारा येतो कुठून

यादीतील मजकूर तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतो आणि यातले नेमके कोणते आपल्या पानावर चालू आहे हे कळल्याशिवाय कुठलीही दुरुस्ती करू नये.

पहिले ठिकाण म्हणजे लेखासोबत स्वतंत्रपणे साठवलेला सारांश. लेख लिहिण्याच्या पडद्यावर उजव्या बाजूच्या ‘पोस्ट’ या पट्टीत त्यासाठी ‘एक्सर्प्ट’ची जागा असते, नव्या आवृत्त्यांत तिथे ‘ॲड ॲन एक्सर्प्ट’ अशी ओळ दिसते. जुना क्लासिक एडिटर वापरणाऱ्यांना ही चौकट बहुधा दिसतच नाही, कारण ती मुळात लपवलेली असते. वरच्या कोपऱ्यातील ‘स्क्रीन ऑप्शन्स’ उघडून तिच्या नावापुढे खूण केली की ती मजकुराच्या खाली अवतरते. कित्येक जण वर्षानुवर्षे लिहीत असूनही या चौकटीशी त्यांची गाठ पडलेली नसते, याचे कारण एवढेच आहे.

ही जागा रिकामी असेल तर वर्डप्रेस स्वतः कामाला लागते. लेखाचा मजकूर घेऊन त्यातील शॉर्टकोड (चौकटी कंसात लिहिलेले छोटे आदेश), चित्रे, गॅलऱ्या बाजूला काढते, ठळक अक्षरे आणि दुवे पुसून साधा मजकूर ठेवते, त्यातले पहिले ५५ शब्द मोजते आणि पुढे चौकटी कंसात तीन टिंबे जोडते. हे दुसरे ठिकाण.

तिसरे ठिकाण म्हणजे लेखाच्या मजकुरातच घातलेला ‘मोअर’ हा ब्लॉक, म्हणजे मांडणीचा सुटा तुकडा. तो जिथे घातला असेल तिथपर्यंतचा मजकूर यादीत जसाच्या तसा, चित्रांसह आणि परिच्छेदांसह दिसतो. मात्र त्यासाठी थीमने यादीत उतारा नव्हे, तर पूर्ण मजकूर मागवलेला असावा लागतो. थीम उताराच मागत असेल तर ‘मोअर’मुळे चित्रे किंवा परिच्छेद मिळत नाहीत, आणि घातलेल्या खुणेचा उपयोग का होत नाही या कोड्यात माणूस अडकून पडतो.

मराठीत या प्रकारांसाठी मला दोन वेगळे शब्द वापरावेसे वाटतात. यंत्र सुरुवातीपासून मोजून कापते तो उतारा. लेखकाने वाचकासाठी मुद्दाम लिहिलेला तो सारांश. पुढील मजकुरात हा फरक पाळला आहे, कारण वर्डप्रेसचे बरेच नियम यांपैकी एकालाच लागू होतात.

आधी सारांश लिहावा, मग थीमकडे वळावे

समजा, थालीपिठाच्या भाजणीवर एक लेख आहे. लेखाला आरंभी ‘प्रास्ताविक’ असे उपशीर्षक आहे आणि त्याखाली आपल्याकडच्या रीतीप्रमाणे वाचकांची विचारपूस आहे. मर्यादा ३० शब्दांची ठेवली तर यादीत हा मजकूर दिसेल:

“प्रास्ताविक नमस्कार मंडळी, गेले दोन महिने घरातल्या लगबगीमुळे काहीच लिहिता आले नाही, त्याबद्दल सर्वप्रथम क्षमस्व. परवा फडताळ आवरताना आईच्या हातची जुनी वही सापडली आणि तिच्या पहिल्याच पानावर तिने अगदी बारीक […]”

तीस शब्द संपले तरी भाजणीचा उल्लेख आलेला नाही. उपशीर्षकही पहिल्या वाक्याला चिकटून आले आहे, कारण उपशीर्षकातील शब्द वर्डप्रेस गाळत नाही. केवळ त्याचे स्वरूप पुसते. लेखाच्या आत हेच प्रास्ताविक आपुलकीचे वाटते, ते काढून टाकावे असे मी कोणालाही सांगणार नाही. मात्र यादीत त्याच्या जागी असा सारांश हवा:

“बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने आणि जिरे यांचे घरगुती प्रमाण, कोणते धान्य किती भाजावे, कोणते आधी, आणि भाजणी दळायला देताना गिरणीत काय सांगावे.”

हे २५ शब्द आहेत आणि लेखात काय मिळेल ते त्यांत नेमके सांगितलेले आहे. सारांश लिहिताना शीर्षकातील शब्द पुन्हा वापरू नयेत, कारण शीर्षक त्याच्या डोक्यावरच असते. ‘या लेखात आपण पाहणार आहोत’ अशी सुरुवातही टाळावी. त्यात पाच-सहा शब्द खर्ची पडतात आणि हाती काही लागत नाही. सारांशात दुवे किंवा ठळक अक्षरे घालू नयेत, कारण थीमनुसार ती कधी दिसतात, कधी पुसली जातात.

याच सारांशाचा उपयोग इतरत्रही होतो. शोधयंत्रांसाठीचे वर्णन वेगळे लिहिले नसेल तर अनेक एसईओ प्लगइन, म्हणजे साइट शोधयंत्रांसाठी अनुकूल करणारे जोड-प्रोग्रॅम, हाच मजकूर उचलतात आणि व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर दुवा पाठवल्यावर शीर्षकाखाली जी ओळ येते तिच्यासाठीही बहुधा तोच वापरला जातो. शोधयंत्र आपल्या निकालांत दुसरा मजकूर दाखवू शकते, ते आपल्या हाती नाही. पण दुव्यासोबत जाणारी ओळ बव्हंशी आपल्या हाती असते.

जुन्या लेखांचे काय, हा प्रश्न लगेच येतो. दोनशे-तीनशे लेखांना सारांश लिहायचा म्हटल्यावर माणूस कच खातो. त्यासाठी ‘पोस्ट्स’च्या यादीत जाऊन ‘स्क्रीन ऑप्शन्स’ उघडावे आणि दृश्याचा प्रकार ‘एक्स्टेंडेड व्ह्यू’ असा निवडावा. प्रत्येक शीर्षकाखाली त्याचा सध्याचा उतारा दिसू लागतो आणि कुठले उतारे लाजिरवाणे आहेत ते एका नजरेत कळते. ‘क्विक एडिट’मध्ये सारांश लिहिण्याची सोय नाही, त्यामुळे प्रत्येक लेख उघडावाच लागतो. जे लेख सर्वाधिक वाचले जातात त्यांपासून आरंभ करावा आणि रोज पाच असा नेम ठेवावा. स्वतंत्र पानांना, म्हणजे ‘पेजेस’ना, सारांशाची चौकट मुळात दिलेली नसते. ती हवी असल्यास ‘ॲड_पोस्ट_टाइप_सपोर्ट’ या फंक्शनला, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, ‘पेज’ आणि ‘एक्सर्प्ट’ हे दोन शब्द देऊन ती मिळवता येते.

ब्लॉक थीममध्ये उतारा बसवणे

वर्डप्रेस ५.९ ही आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये आली आणि संपूर्ण थीम ब्लॉकांनी घडवण्याची सोय तिच्यासोबत सर्वांना मिळाली. ‘अपिअरन्स’खाली ‘एडिटर’ हा पर्याय दिसत असेल आणि तो उघडल्यावर ‘टेम्प्लेट्स’ची, म्हणजे पानांच्या मांडणीच्या साच्यांची, यादी येत असेल, तर आपली थीम याच जातीची आहे.

त्या यादीत ब्लॉगच्या पानाचे टेम्प्लेट उघडावे. ते बहुधा ‘ब्लॉग होम’ किंवा ‘इंडेक्स’ या नावाने असते. त्यात ‘क्वेरी लूप’ हा ब्लॉक शोधावा. लेखांची यादी तोच तयार करतो. त्याच्या आत ‘पोस्ट टेम्प्लेट’ असते आणि यादीतील एका लेखाची मांडणी तिथे ठरते. शीर्षक, तारीख, चित्र हे सगळे त्यात असते. आता तिथे ‘कंटेंट’ ब्लॉक आहे की ‘एक्सर्प्ट’ ब्लॉक, ते पाहावे. ‘कंटेंट’ असेल तर प्रत्येक लेख संपूर्ण छापला जात आहे. तो काढून त्याच जागी ‘एक्सर्प्ट’ घालावा. ब्लॉक नेमका पकडता येत नसेल तर वरच्या पट्टीतील ‘लिस्ट व्ह्यू’ उघडावा. तिथे सगळी उतरंड नावांसह दिसते आणि चुकीचा ब्लॉक पुसला जाण्याची भीती राहत नाही.

‘एक्सर्प्ट’ ब्लॉक निवडल्यावर उजवीकडे कमाल शब्दसंख्येची पट्टी येते. ती १० ते १०० पर्यंत सरकते. ‘पुढे वाचा’चा दुवा नव्या ओळीवर हवा की मजकुराला लागूनच, याचेही बटण तिथे असते. दुव्याचे शब्द मात्र उजवीकडे नव्हे, ब्लॉकच्या आतच टाइप करायचे असतात.

या पट्टीबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हिची मर्यादा यंत्राने कापलेल्या उताऱ्याला तर लागतेच, पण हाताने लिहिलेल्या सारांशालाही लागते. पट्टी २० वर ठेवली आणि सारांश २५ शब्दांचा लिहिला, तर भाजणीच्या आपल्या सारांशातील गिरणी गळून पडते आणि वाक्य ‘कोणते आधी, आणि भाजणी’ इथेच तुटते. म्हणून पट्टीवरचा आकडा आपल्या सर्वांत लांब सारांशापेक्षा थोडा अधिक ठेवावा. मी सारांश ३० शब्दांच्या आत लिहितो आणि पट्टी ३५ वर ठेवतो. आकडा ५५ च्या वर न्यायचा असेल तर एडिटरमधील दृश्यावर विसंबू नये. प्रत्यक्ष पान उघडून खात्री करावी.

वर्गवारीचे पान, लेखकाचे पान आणि शोधाचे निकाल यांची टेम्प्लेटे वेगवेगळी असू शकतात, तेव्हा हाच बदल प्रत्येकात करावा लागतो. काही पानांवर ‘क्वेरी लूप’च्या ऐवजी ‘लेटेस्ट पोस्ट्स’ हा जुना ब्लॉक वापरलेला असतो. उतारा दाखवण्याची आणि शब्दसंख्येची सेटिंग त्याच्या स्वतःच्या पट्टीत स्वतंत्र असते. शिवाय एडिटरमधून एकदा जतन केलेले टेम्प्लेट डेटाबेसमध्ये साठवले जाते आणि थीमच्या फाइलीपेक्षा त्याला मान अधिक असतो. फाइलीत केलेला बदल दिसत नसेल तर ही शंका सर्वांत आधी घ्यावी.

क्लासिक थीममध्ये हेच काम

जुन्या पद्धतीच्या थीममध्ये आधी ‘कस्टमाइझ’मध्ये जाऊन तयार पर्याय आहे का ते पाहावे. वर्डप्रेससोबत येणाऱ्या ‘ट्वेंटी ट्वेंटी-वन’ या थीममध्ये, उदाहरणार्थ, संग्रहाच्या पानांवर सारांश दाखवावा की पूर्ण मजकूर, हे तिथूनच ठरवता येते. असा पर्याय असेल तर कोडला हात लावण्याची गरज नाही.

पर्याय नसेल तर फाइलींत उतरावे लागते. त्याआधी साइटची प्रत काढून ठेवावी आणि चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बेतलेली आणि आपले बदल वेगळे ठेवणारी उपथीम, तयार करावी. मूळ थीमच्या फाइलींत केलेले बदल पुढच्या अद्ययावतीकरणात पुसले जातात, आणि ते पुसले गेल्याचे कळते तेव्हा नेमके काय केले होते ते आठवत नसते. यादी तयार करणाऱ्या फाइली ‘इंडेक्स’, ‘होम’, ‘आर्काइव्ह’, ‘सर्च’ या नावांच्या असतात. अनेक थीम प्रत्यक्ष मांडणी ‘टेम्प्लेट-पार्ट्स’ या फोल्डरातील ‘कंटेंट’ फाइलीत ठेवतात. त्यांत ‘द_कंटेंट’ हे फंक्शन सापडले की त्या जागी ‘द_एक्सर्प्ट’ लिहावे. मात्र तीच फाइल एकट्या लेखाच्या पानासाठीही वापरली जात असेल तर थेट बदलू नये, नाही तर लेख उघडल्यावरही उताराच दिसेल. अशा वेळी ‘इज_सिंग्युलर’ ही अट घालावी: एकटा लेख असेल तर पूर्ण मजकूर, एरवी उतारा.

शब्दसंख्या बदलण्यासाठी वर्डप्रेसने ‘एक्सर्प्ट_लेंग्थ’ नावाचा फिल्टर, म्हणजे तिची ठरलेली किंमत आपल्या कोडने बदलण्याची जागा, ठेवला आहे. चाइल्ड थीमच्या ‘फंक्शन्स’ फाइलीत एक छोटे फंक्शन लिहावे, त्यातून हवा तो आकडा परत करावा आणि ‘ॲड_फिल्टर’ने ते या फिल्टरला जोडावे. जोडताना तिसरी किंमत म्हणून प्राधान्याचा आकडा द्यावा लागतो आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. चाइल्ड थीमची ‘फंक्शन्स’ फाइल मूळ थीमच्या फाइलीच्या आधी वाचली जाते. मूळ थीमनेही याच फिल्टरला आपले फंक्शन जोडले असेल आणि दोन्हींचे प्राधान्य नेहमीचे १० असेल, तर नंतर जोडलेल्या मूळ थीमचे म्हणणे शेवटी खरे ठरते आणि आपला आकडा वाया जातो. म्हणून प्राधान्य ९९९ द्यावे; मोठा आकडा म्हणजे शेवटची पाळी, आणि ज्याची पाळी शेवटी त्याचा शब्द अंतिम.

हा फिल्टर फक्त यंत्राच्या उताऱ्याला लागू होतो. क्लासिक थीममध्ये हाताने लिहिलेला सारांश कितीही लांब असला तरी पूर्ण दिसतो. ब्लॉक थीमच्या अगदी उलट असा हा प्रकार आहे, आणि थीम बदलल्यावर उतारे एकाएकी लांब किंवा आखूड का झाले याचे उत्तर अनेकदा इथेच असते. याच फंक्शनमध्ये ‘इज_सर्च’ ही अट घालून शोधाच्या निकालांना २० आणि इतर पानांना ३५ असे वेगळे आकडेही देता येतात.

मराठीला ५५ शब्द का जास्त होतात

५५ हा ठरलेला आकडा इंग्रजीच्या शब्दांना धरून आहे. वर्डप्रेस मोकळ्या जागेवरून शब्द मोजते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात, त्यामुळे ‘महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवरून’ हे मोजणीत दोनच शब्द भरतात; इंग्रजीत याच अर्थाला पाच शब्द लागतात. म्हणजे ५५ मराठी शब्दांत आशय अधिक मावतो आणि ते कागदावर जागाही अधिक घेतात. मोबाइलच्या पडद्यावर असा उतारा दहा-बारा ओळींचा होतो, मग एका वेळी एकच लेख दिसतो आणि यादी म्हणून त्या पानाचा उपयोग राहत नाही. मराठी ब्लॉगसाठी ३० ते ३५ शब्द पुरेसे आहेत. शीर्षकांच्या शेजारी चित्रे असलेली दाट मांडणी असेल तर २० ते २५ ठेवावेत.

अक्षरे मोजून कापू नये

काही थीम आणि बरेच आयते कोडचे तुकडे शब्द न मोजता अक्षरे मोजून मजकूर कापतात, म्हणजे सगळ्या चौकटी सारख्या उंचीच्या दिसतील अशी त्यांची कल्पना असते. देवनागरीत याचे परिणाम वाईट होतात, म्हणून हा भाग सावकाश पाहावा.

वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पीएचपीमधील ‘सबस्ट्र’ हे फंक्शन अक्षरे मोजत नाही, बाइट, म्हणजे संगणकातील साठवणीची एकके, मोजते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. कापण्याची जागा त्या तिन्हींच्या मध्ये आली की शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. त्याहून वाईट म्हणजे असा तुटका मजकूर पुढे ‘इएससी_एचटीएमएल’ या फंक्शनमधून गेला तर वर्डप्रेस त्याला सदोष ठरवून सबंध मजकूरच रिकामा करते. काही लेखांचे उतारे दिसतात आणि काहींच्या जागी नुसती मोकळी जागा राहते, असा अनुभव येत असेल तर कारण हे असू शकते. तीन बाइटांच्या हिशेबात ज्या लेखाचा मजकूर योगायोगाने बरोबर कापला गेला तो वाचला, बाकीचे गेले.

यावर उपाय म्हणून ‘एमबी_सबस्ट्र’ सुचवला जातो. तो बाइटांच्या चुकीतून वाचवतो, पण मराठी अक्षर म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक नाही. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर आहे. संगणकात मात्र स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे एकामागून एक साठवलेली असतात. दुसऱ्या चिन्हावर कापले तर ‘स्’ उरतो, तिसऱ्यावर ‘स्त’, चौथ्यावर ‘स्त्’. ‘किल्ला’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण साठवलेली असते क च्या नंतर. म्हणून पहिल्या चिन्हावर कापल्यास नुसता ‘क’ राहतो. शुद्धलेखनाची चूक लेखकाने केलेली नसते, तरी वाचक ती लेखकाच्याच नावावर जमा करतो. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते.

तेव्हा थीमच्या फाइलींत ‘सबस्ट्र’ किंवा ‘एमबी_सबस्ट्र’ सापडले तर ते काढून तिथे वर्डप्रेसचे ‘डब्ल्यूपी_ट्रिम_वर्ड्स’ वापरावे. ते मोकळ्या जागेवरच तोडते, त्यामुळे जोडाक्षर कधी फुटत नाही. त्याला मजकूर, शब्दसंख्या आणि शेवटी जोडायचे चिन्ह अशा तीन गोष्टी द्याव्यात.

सारख्या उंचीच्या चौकटींची हौस असेल तर ते काम सीएसएसकडे, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांकडे, सोपवावे. ‘लाइन-क्लॅम्प’ या गुणधर्माने तीन किंवा चार ओळींनंतरचा मजकूर झाकता येतो आणि मूळ मजकूर पानात शाबूत राहतो. त्यासाठी ‘ओव्हरफ्लो’ची किंमत ‘हिडन’ ठेवावी लागते, आणि ओळींची उंची इंग्रजीच्या मापाची म्हणजे १.२ किंवा १.३ असेल तर वरचे रफार, अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. ‘पूर्वार्ध’, ‘कर्तृत्व’, ‘शुश्रूषा’ असे दोन-तीन शब्द मुद्दाम पहिल्या आणि शेवटच्या ओळीत येतील असा एक चाचणीचा लेख करून पाहावा, १.६ ते १.७ एवढी ओळींची उंची ठेवल्यास सहसा अडचण येत नाही. याच ओघात ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ पानावर साइटची भाषा मराठी निवडली आहे ना, तेही पाहावे. पानाची भाषा मराठी अशी नोंदली गेली की ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श दिलेले आहेत त्यांत ते वापरले जातात, नाही तर हिंदी वळणाची अक्षरे दिसतात.

चौकटी कंस आणि ‘पुढे वाचा’

उताऱ्याच्या शेवटी येणारी कंसातली टिंबे मराठी वाचकाला संपादकाने मजकूर गाळल्याची खूण वाटतात. ती बदलण्यासाठी ‘एक्सर्प्ट_मोअर’ हा फिल्टर आहे. वर सांगितलेल्या रीतीनेच त्याला फंक्शन जोडावे आणि त्यातून नुसती तीन टिंबे परत करावीत. बरेच जण याच फंक्शनमधून ‘पुढे वाचा’चा दुवाही परत करतात. त्यात अडचण अशी की हा फिल्टरही यंत्राच्या उताऱ्यापुरताच आहे. ज्या लेखांना आपण कष्टाने सारांश लिहिला त्यांनाच दुवा मिळत नाही आणि यादी विसंगत दिसते. म्हणून दुवा उताऱ्यात मिसळू नये. क्लासिक थीममध्ये तो ‘द_एक्सर्प्ट’च्या खाली टेम्प्लेटमध्येच स्वतंत्र लिहावा, ब्लॉक थीममध्ये ‘एक्सर्प्ट’ ब्लॉकमधील दुवा वापरावा किंवा ‘रीड मोअर’ हा वेगळा ब्लॉक खाली ठेवावा.

दुव्याच्या शब्दांचाही विचार व्हावा. दृष्टिहीन वाचक पडदावाचक वापरतात आणि त्यांपैकी अनेक जण पानावरील नुसत्या दुव्यांची यादी ऐकून पुढे जातात. त्या यादीत ‘पुढे वाचा, पुढे वाचा, पुढे वाचा’ असे दहा वेळा ऐकू आले तर कुठला दुवा कुठल्या लेखाचा हे कळण्याचा मार्ग उरत नाही. दुव्याच्या आत लेखाचे शीर्षकही घालावे आणि ‘स्क्रीन-रीडर-टेक्स्ट’ हा क्लास लावून ते डोळ्यांपुरते झाकावे. मजकूर ‘पुढे वाचा: थालीपिठाची भाजणी’ असा ऐकू येतो आणि दिसतो मात्र ‘पुढे वाचा’ एवढाच. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते कोणत्याही मराठी ब्लॉगवर राहून जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

कविता आणि ओव्या

यंत्राचा उतारा ओळी मोडतो. ओळींमधले अंतर त्याला शब्दांमधल्या मोकळ्या जागेसारखेच वाटते, म्हणून आठ ओळींची कविता गद्यासारखी सलग छापली जाते. कवितेच्या लेखांना हाताने सारांश लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. क्लासिक थीममध्ये सारांशाच्या चौकटीत दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या तर त्या तशाच दिसतात. ब्लॉक थीममधील शब्दमर्यादा मात्र सारांशाच्याही ओळी सपाट करते. तिथे ओवी किंवा अभंग असेल तर छापील पोथ्यांप्रमाणे चरणाच्या शेवटी दंड आणि कडव्याच्या शेवटी दुहेरी दंड द्यावा, म्हणजे ओळी सलग आल्या तरी वाचताना अडखळायला होत नाही. मुक्तछंदाच्या कवितेसाठी कवितेच्या ओळी न देता ती कशाविषयी आहे याचे एक साधे वाक्य लिहावे.

तपासणी

बदल झाल्यावर कॅशिंगचे (पानांच्या तयार प्रती साठवणारे) प्लगइन असल्यास त्याची साठवण रिकामी करावी आणि ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉग-इन न करता, पान उघडावे. पहिले पान, एखादी वर्गवारी, एखादा टॅग, शोधाचे निकाल आणि यादीचे दुसरे पान अशी पाचही ठिकाणे पाहावीत. किमान तीन प्रकारचे लेख समोर असू द्यावेत: सारांश लिहिलेला, न लिहिलेला, आणि चित्राने किंवा उपशीर्षकाने सुरू होणारा. पासवर्ड लावलेला लेख असेल तर त्याचा उतारा वर्डप्रेस दाखवत नाही, तिथे तशी सूचना येते. ती इंग्रजीत दिसत असेल तर मराठी भाषेचा भाग अद्ययावत करून घ्यावा. हे सगळे एकदा संगणकावर आणि एकदा साध्या मोबाइलवर पाहावे, कारण आपले बहुसंख्य वाचक मोबाइलवरच वाचतात.

शेवटी ‘सेटिंग्ज’मधील ‘रीडिंग’ पानावर जावे. फीडमध्ये, म्हणजे नवे लेख वाचनाच्या ॲपांना पुरवणाऱ्या यादीत, प्रत्येक लेखाचा पूर्ण मजकूर द्यावा की उतारा, हे तिथे ठरते आणि थीममधील बदलांचा त्या सेटिंगशी संबंध नसतो. परगावी किंवा परदेशी राहणारे जे वाचक फीडमधून लेख उतरवून घेऊन प्रवासात वाचतात, त्यांच्यासाठी मी पूर्ण मजकूर ठेवतो. उतारा निवडायचा असेल तर साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द रोमन लिपीत जोडावा, ते पान उघडावे आणि आपण लिहिलेले सारांश तिथेही पूर्ण उतरले आहेत ना, हे वाचून पाहावे.